वाचणाऱ्याचा चष्मा

कॉफीच्या यंत्राशी एक अनोळखी तरुण झगडत होता. बटण दाबलं की यंत्र घुरघुरायचं, कप मात्र कोरडाच. माझी लेक त्याच्या मागे उभी होती. बाहेर पाऊस होता, हातातली छत्री ठिबकत होती आणि सकाळी कॉफीआधी ती कोणाशी धड बोलत नाही.

"सरका जरा," ती म्हणाली. तिने बटण दाबलं, यंत्राच्या कुशीत एक बुक्की घातली. कप भरला.

"हे कसं कळलं तुम्हाला? नेमकं कुठे मारायचं ते?"

"माहीत नाही. हात जातो."

"तरी पण... बटणाच्या आधी मारायचं की नंतर?"

"तुम्ही कॉफी प्यायला आलात की चौकशी आयोग घेऊन?"

तो हसला. कप हातात घेऊन अगदी विश्वासाने म्हणाला, "मी आजच आलोय इथे. कोणी बाई आहे, हेडमास्तरीण म्हणतात म्हणे तिला, नोकरी सोडून चाललीय. तिच्या डोक्यातलं सगळं काढून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. फार खडूस आहे, खरं का?"

"फार," लेक म्हणाली. "मीच ती."

इथे दोघांचं सांगणं जुळत नाही. ती म्हणते, त्याच्या हातून कपच पडला. तो म्हणतो, थोडी सांडली फक्त. तिच्या बुटांवर सांडली, एवढं दोघांनाही मान्य आहे. हे सगळं मला दोघांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं आणि मी ते एकत्र करून सांगतोय.

त्यांचं ऑफिस औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम बनवतं. औषधाच्या पाकिटावर चिठ्ठी चिकटवलेली असते ना, गोळी केव्हा घ्यायची, जेवणाआधी की नंतर... ती छापणारा प्रोग्रॅम माझ्या लेकीच्या हातचा. तिला दुसऱ्या शहरात मोठं काम मिळालं होतं, तिला हवं होतं तसंच. महिनाअखेरीस जायचं होतं. साहेबांना घोर लागला, ही गेली की हिची जागा कोण घेणार?

त्यावर तोडगा निघाला तो असा. मी आयुष्यभर बस चालवली, त्यामुळे मला कळलं तेवढंच सांगतो. प्रोग्रॅम लिहायला मदत करणारा एक एआय सहाय्यक त्यांच्याकडे आहे. अतिशय हुशार, पण दर वेळी कोरा. काल काय शिकवलं ते आज त्याला आठवत नाही. मात्र एखाद्या कामाची रीत एकदा नीट लिहून ठेवली, की तसं काम आल्यावर तो ती उघडून वाचतो आणि तसंच करतो. या लिहून ठेवलेल्या रीतीला ते स्किल म्हणतात. तिच्या माथ्यावर एक ओळ असते, ही रीत केव्हा वापरायची ते सांगणारी. माझ्या लेकीची रीत लिहून काढायची, हे त्या तरुणाचं काम.

तो रोज तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागला.

"हे का पुसलंस?" तो विचारायचा. अहो-जाहो तिसऱ्याच दिवशी गळून पडलं होतं.

"बरं दिसत नव्हतं."

"बरं दिसत नव्हतं म्हणजे काय? यंत्राला काय सांगू, बरं दिसेपर्यंत पुस?"

"शंकासुर आहेस तू!"

"असेन. पण का पुसलंस?"

मग ती थांबायची, विचार करायची. तिलाच नवल वाटायचं, कारण उत्तर असायचं. आपल्याला एवढं येतं, हे तिला तो विचारीपर्यंत ठाऊकच नव्हतं. "दोन गोळ्यांची नावं सारखी दिसत होती," ती सावकाश म्हणायची. "घाईत माणूस एकीऐवजी दुसरी घेईल."

तो लिहून घ्यायचा. लिहिताना वर बघायचा. ती तेव्हा मुद्दाम खिडकीबाहेर बघायची, असं तो सांगतो. ती म्हणते, खिडकीबाहेर कबुतर होतं.

लिहून झालं की ते पारखून बघायचे. तिचंच एखादं जुनं काम कोऱ्या सहाय्यकाला द्यायचं आणि तो काय करतो ते बघायचं. सुरुवातीला तो भलतंच करायचा. मग एका दुपारी त्याने अगदी तिच्यासारखं काम केलं. तिने जिथे पुसलं असतं तिथेच पुसलं, तिने जे मोठं केलं असतं तेच मोठं केलं. दोघं पडद्याकडे बघत राहिले.

"हे मीच आहे की," लेक हळूच म्हणाली.

त्या तरुणाला आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी तो गप्प गप्प घरी गेला. काम जितकं चांगलं होणार, तितकी तिची जाण्याची वाट मोकळी होणार, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

बहुतेक त्याच घालमेलीत त्याने रीतीच्या माथ्यावरची ओळ चुकवली. 'औषधाच्या चिठ्ठीचं काम असेल तेव्हा' असं लिहायचं, तर लिहिलं 'कुठलंही काम असेल तेव्हा', आणि ते सगळ्या ऑफिसाला पाठवून दिलं.

सकाळी एकाने सहाय्यकाला एका पानाचा रंग बदलायला सांगितलं. सहाय्यक म्हणाला, 'आधी सांगा, हे कोण वाचणार आहे? आणि त्यांचा चष्मा जवळ असेल का?' पलीकडे एकीला सुट्ट्यांचा हिशेब हवा होता. तिलाही तेच. साहेबांना नुकताच चष्मा लागला होता. तेही तेच वाचून दचकले आणि खिसे चाचपू लागले.

हशा पिकला. मग हळूहळू सगळ्यांच्या माना आधी माझ्या लेकीकडे वळल्या आणि मग त्याच्याकडे. कारण "हे चष्म्याचं मी कधी सांगितलं?" असं ती बोलून गेली. "काम करताना तू स्वतःशी पुटपुटतेस ते," तो म्हणाला. ते ऐकायला माणसाला फार लक्ष देऊन शेजारी बसावं लागतं.

"एवढं लक्ष देऊन मी माझ्या बायकोचं ऐकलं असतं," एक जण म्हणाला, "तर संसार सोन्याचा झाला असता."

लेक तरातरा त्या तरुणाकडे गेली. "मी असं पुटपुटते?"

"हो."

"सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं?"

"नाही... मला ऐकू येतं."

तिचे कान लाल झाले. "दुरुस्त कर ते!"

"वरची ओळ दुरुस्त करतो. वाक्य... राहू दे?"

"राहू दे," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बराच वेळ बंद पडद्याकडे बघत बसली.

शेवटची पारख राहिली होती. लेक घरी सामान बांधत होती, म्हणून तो लॅपटॉप घेऊन आमच्याकडेच आला. मी त्याला पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. सडपातळ, केस विस्कटलेले, बसायला सांगितलं तरी उभा. लेक चहा करायला आत गेली. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने मला चष्म्याचा तो किस्सा सांगितला. मी हसलो नाही, तसा तो घाबरला.

"काका, काही चुकलं का?"

"ते वाक्य कोणाचं आहे, माहीत आहे का तुला?"

"हिचं."

"हिच्या आईचं."

आजारात ती औषधाचं पाकीट हातभर लांब धरायची आणि म्हणायची, "हे छापणाऱ्यानं विचारलं होतं का, कोण वाचणार आहे? चष्मा जवळ आहे का?" लेक तेव्हा कॉलेजात होती. पलंगाच्या कडेला बसून तीच आईला वाचून दाखवायची.

तो एकदम खाली बसला. मी म्हटलं, "मला ऐकव ते. यंत्र काय विचारतं ते."

त्याने लॅपटॉप उघडला, एका चिठ्ठीचं काम दिलं आणि पडद्यावर आलेलं वाचून दाखवलं. शब्दाला शब्द तेच. माझी बायको ज्या जगात नाही, तिथे तिचा प्रश्न कोणीतरी विचारत होतं. कुठल्याशा गावात कुठल्याशा म्हातारीच्या पाकिटावर त्यामुळे अक्षरं मोठी येणार होती. ती म्हातारी माझ्या बायकोला ओळखत नाही. यंत्रही ओळखत नाही. मी हात जोडले. का जोडले ते मलाही सांगता येणार नाही.

"काका, बरं वाटलं ना?"

"फार. पण बाळा, तिची रीत राहिली, ती गेली. तुझी आत चहा करतेय."

"काका, माझी... म्हणजे..."

"जा."

तो आत गेला. मी पंखा बंद केला. उकडत नव्हतं अशातला भाग नाही, पण पंख्याचा आवाज फार होतो.

"चहा झाला नाही अजून," लेक म्हणाली.

"चहा नकोय. म्हणजे हवाय. मला बोलायचंय."

"काही लिहायचं राहिलं?"

"नाही. सगळं पूर्ण झालंय, तोच तर घोटाळा आहे. सोमवारपासून ते तुझ्यासारखं विचारणार, तुझ्यासारखं अडवणार. सगळे म्हणतील, ही तर इथेच आहे. आणि मी एकटाच... मला तू नाहीस हे कळत राहणार."

"म्हणजे जाऊ नको म्हणतोस?" लेकीचा सूर तिखट झाला.

"नाही. जा तू. ते काम तुला किती हवंय, मी पाहिलंय ना. फक्त... नुसती तुझी रीत माझ्याकडे ठेवून जाऊ नकोस. मला तू हवी आहेस."

गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

"पाठ करून आला होतास?"

"पाठ केलेलं वेगळं होतं. ते विसरलो."

ती हसली. आई गेल्यापासून ती अशी हसल्याचं मला आठवत नव्हतं. "बरं झालं विसरलास," ती म्हणाली. "रविवारी तिकडे खोली बघायला जायचंय. घरमालकीण फार तोंडाळ आहे म्हणे. बरोबर कोणीतरी हवं. येशील?"

"येतो."

"लांब आहे."

"असू दे."

आता पुढचं ऐकणं बरं नव्हतं. मी चपला घातल्या आणि दारातून मोठ्याने ओरडून सांगितलं, "मी दूध घेऊन येतो गं!"

घरात दूध होतं. मी नाक्यापर्यंत गेलो आणि अंधार पडेपर्यंत परतलो नाही.