विहिरीचा ठोकळा

तेलाविरुद्ध चित्रं काढणाऱ्या बाईच्या स्कुटीलाही पेट्रोल लागतंच. वणीतल्या ओळखीच्या प्रत्येकानं आभाला हा टोमणा एकदा तरी मारला होता आणि तिनं तो हसून गिळलाही होता. त्या सकाळी ती चंद्रपूरच्या रस्त्यावरच्या नव्या पंपावर थांबली. कोळशाचे ट्रक धूळ उडवत चालले होते. उद्घाटनाची झेंडूची तोरणं अजून खांबांवर वाळत होती. फोनवरून पैसे जाईनात, म्हणून ती ऑफिसात गेली. मालकाच्या खुर्चीमागे भिंतीवर तिचं स्वतःचं चित्र टांगलेलं होतं.

विहीर, विहिरीत सोडलेला दोर आणि काठावर वाकलेली इंदूबाई. खाली सोनेरी अक्षरांत पंपाच्या शुभेच्छा. तिच्या प्रत्येक छापील प्रतीवर असतो तो क्रमांक नाही, पेन्सिलीची सही नाही.

"छान आहे ना मॅडम?" मालक म्हणाला. "उद्घाटनाले आलेल्या सगळ्यायले एकेक वाटलं. तुमच्या मिस्टरांनीच छापून देल्लं."

आभानं चित्राला बोट लावलं. शाई ओली होती.

इंदूबाईचं शेत याच रस्त्याला लागून. शेजारी ट्रकांचा अड्डा झाला, डिझेल मातीत मुरत गेलं आणि एका उन्हाळ्यात तिच्या विहिरीच्या पाण्यावर रंगीत तवंग आला. आभानं ते सागाच्या ठोकळ्यावर कोरलं. ट्रकांच्या सायलेन्सरमधली काजळी खरवडून जवसाच्या तेलात घोटली आणि त्याच शाईनं मोजक्या प्रती छापल्या. ठोकळ्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उतरतं. इंदूबाईची चमकी डाव्या नाकपुडीत, विळ्याचा वण डाव्या मनगटावर. आभानं दोन्ही उजवीकडे कोरलं होतं. इंदूबाईनं तो ठोकळा हातात घेऊन बराच वेळ पाहिला होता.

"काढ माहं चित्र," ती म्हणाली होती. "पन मोजून काढजो, पोरी. अन् झालं का हे लाकूड मोडून टाकजो. मानसाले असं कितीकदा बी काढू नये."

आभानं तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता. छापणाऱ्यांची रीतही तीच. ठरलेल्या प्रती छापून आवृत्ती संपली की ठोकळ्यावर पटाशीनं आडवी-तिडवी काट मारायची आणि त्या काटेसकट एक शेवटचा ठसा पुरावा म्हणून ठेवायचा. पण इंदूबाईच्या तोंडावर पटाशी चालवायला तिचा हात धजेना. ते काम तिनं पियूषवर सोपवलं. नवरा होता, छापखान्यातला भागीदार होता. त्याच्यावर नाही तर कोणावर टाकायचं? त्यानं संध्याकाळी काटेचा ठसा आणून दाखवला आणि तिनं तो फायलीत ठेवून दिला.

घरी येऊन तिनं आधी तोच ठसा काढला. दोन पांढऱ्या रेघा. कडा जराशा केसाळ. तेव्हा तिला वाटलं होतं, पटाशी बोथट असेल. आता तिनं भिंग लावलं, तर रेघेच्या कडेला पीळ दिसला. त्यानं शाई लावलेल्या ठोकळ्यावर दोन दोरे ताणले होते आणि वर कागद दाबला होता. लाकडाला ओरखडाही नव्हता.

"दोरे?" तिनं विचारलं.

पियूष घरातल्या छापखान्यात यंत्र पुसत होता. तो पुसतच राहिला. "इतका चांगला ठोकळा मारायचा कशाला, आभा? चित्र जास्त लोकांपर्यंत गेलं तर तुझाच विषय पुढे जातो ना."

"पंपावर? ज्या माणसानं अड्ड्याला जागा दिली, त्याच्या खुर्चीमागे?"

"त्यानं मागितलं. बाकी कोण मागत होतं?"

हे तिला चाबकासारखं लागलं. सात जन्मांची गोष्ट राहू द्या, या माणसाला एक काट मारवली नव्हती. तिला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

"उरलेल्या प्रती दाखव."

त्यानं कपाटातून गठ्ठा काढला, पण तिच्या हातात देताना तो कचरला. "एक गोष्ट आहे. शाई वाळत नाहीये. आणि... तू बघच."

ती एकेक कागद उचलत गेली. पहिल्यांत इंदूबाई काठावर वाकलेली होती, कोरली होती तशीच. मग थोडी जास्त वाकलेली. पुढे तिची कंबर काठावर आली, मग पाय जमिनीवरून सुटले.

शेवटच्या कागदांवर फक्त विहीर होती आणि ताणलेला दोर.

"तू कोरलंस काही?"

"शपथ, हातही लावला नाही."

तिनं ठोकळा उजेडात धरला. बाई होती तिथलं लाकूड सपाट, गुळगुळीत. तिथं पटाशी कधी लागलीच नसावी असं.

ठोकळा आणि पटाशी पिशवीत टाकून तिनं स्कुटी काढली. पियूष मागून हाका मारत राहिला. रस्ताभर ती एकच म्हणत होती, बाई घरी असू दे.

मारोतराव, इंदूबाईचा नवरा, बांधावर बसला होता.

"काकू कुठे आहेत?"

"विहिरीपाशी. अन् कुठं?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "काय झालं तिले, समजत नाही. डाव्या हातानं वाढते मले. काहून म्हनलं तं हासते."

इंदूबाई विहिरीजवळ उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, नेहमीसारखी. आभा तिथंच मातीत बसली आणि तिनं सगळं भडाभडा सांगून टाकलं. पियूषचं, दोऱ्यांचं, पंपाचं.

"मी शब्द दिला होता, काकू. तुमच्यासमोर काट मारते आता."

तिनं ठोकळा मांडीवर घेतला आणि पटाशी टेकवली.

इंदूबाई खाली बसली. तिनं पटाशीवर हात ठेवला.

"नोको, पोरी. राहू दे आता."

हाताला जवसाच्या तेलाचा वास होता. मनगटावर विळ्याचा वण होता.

उजव्या.

आभानं हळूच वर पाहिलं. इंदूबाई हसत होती. चमकी उजव्या नाकपुडीत होती, आभानं ठोकळ्यावर कोरली होती तिथंच.

तिच्यामागे विहिरीचा दोर ताठ होता आणि थोड्या थोड्या वेळानं कोणीतरी तो खालून ओढत होतं.