उपड्या भगुण्यातली हाक

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही.

हे सगळं जिच्या डोळ्यांदेखत घडलं ती सिला, माझी आजी. मोठी हसरी बाई. भुताखेतांची टिंगल करायची. पण ही एक गोष्ट सांगताना तिचा आवाज खाली जायचा.

साल १८६४. केंटकीतला तंबाखूचा एक मळा. पानगळीतला रविवार, दिवेलागणीची वेळ.

गुलाम ठेवायचे की नाही, या भांडणावरून अख्खा देश उभा फाटला होता. मळ्याच्या मालकाचं घरही त्यातून सुटलं नव्हतं. थोरला मुलगा निळा कोट चढवून उत्तरेच्या फौजेत गेला, धाकटा करडा कोट चढवून दक्षिणेच्या. जाण्याआधी दोघे जेवणाच्या टेबलावर एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. सिलाची आई केझाया, त्यांचीच गुलाम, तिथे वाढायला उभी होती.

"धाकटा म्हणतो, गुलाम आमचे आहेत," तिने खोपटात येऊन सांगितलं. "थोरला म्हणतो, आमचेच आहेत, पण त्यापायी देश फोडू नका."

"आणि तुला काय विचारलं?" शेजारच्या खोपटातल्या म्हाताऱ्या प्रिन्सबाबाने विचारलं.

"मला विचारलं, रस्सा आहे का अजून?"

सगळे पोट धरून हसले. केझायाचा मुलगा टायटस तेवढा हसला नाही.

उत्तरेची फौज तेव्हा काळ्या माणसांना भरती करून घेऊ लागली होती. जो भरती होईल तो मोकळा. उन्हाळ्यातल्या एका पहाटे टायटस पळाला.

"माय, थंडी पडायच्या आत येतो," तो जाताना म्हणाला. "तुला आणि सिलीला नदीपार नेतो, तिकडे कुणी गुलाम नाही. मागच्या अंगाने हाक मारीन. लगेच निघायचं."

"तू जिवंत ये रे," केझाया म्हणाली. "नदीचं मग बघू."

त्या दिवसापासून तिचे कान मागच्या भिंतीला लागले.

दर रविवारी मळ्यावरची आमची माणसं केझायाच्या खोपटात प्रार्थनेला जमत. चोरून. मालकाला कळलं तर चाबूक ठरलेला. म्हणून दारात बिडाचं मोठं भगुणं उपडं घालायचं, एका कडेखाली काटकी लावून. आवाज भगुण्यात शिरतो आणि मोठ्या घरापर्यंत जात नाही, असं आमची माणसं मानत. आजीची आजीही तेच करायची.

त्या रविवारी केझायाने स्वतःच्या हाताने भगुणं उपडं घातलं. गुडघ्यांवर बसली. रडून रडून एकच मागत राहिली.

"देवा, माझ्या टायटसला सुखरूप आण..."

बाहेर सामसूम होती.

कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत...

सकाळी ओढ्याकाठी टायटस सापडला. अंगात निळा कोट, पाठीत गोळी. पळालेल्या गुलामांना शोधणाऱ्या गस्तवाल्यांनी ती घातली होती.

प्रिन्सबाबा तापाने फणफणत पडून होता, म्हणून प्रार्थनेला आला नव्हता. तो काठी टेकत आला आणि केझायाकडे बघतच राहिला.

"अगं, काल संध्याकाळी तो आला होता की! तुझ्या मागच्या भिंतीशी किती हाका मारल्या त्याने. मला वाटलं, तुम्ही गेलात त्याच्याबरोबर."

केझाया रडली नाही. वळली, खोपटात गेली. दारात भगुणं तसंच उपडं होतं. तिने एक कड हलकेच उचलली.

आतून आवाज आला...

"माय..."

तिने कड दाणकन खाली टाकली. सिला मागेच उभी होती. तिनेही ऐकलं.

त्यानंतर ते भगुणं कुणी हलवायचं नाही. शिजवायला उसनं भांडं आणायचं. केझाया रोज त्याच्याशेजारी झोपायची. सिला म्हणायची, "माय, एकदा पूर्ण उघडून तरी बघ." केझाया म्हणायची, "आणि निघून गेला तर?"

पुढच्या वर्षी युद्ध संपलं. डिसेंबरात कायदा आला आणि आम्ही मोकळे झालो. खोपटं एकेक करून रिकामी झाली. केझाया मात्र हलेना.

"तो इथे आहे," ती म्हणाली.

"मी पण इथेच आहे, माय," सिला रडत म्हणाली. "मी जिवंत आहे. माझ्याकडे बघ जरा."

केझायाने तिच्याकडे बघितलं. बऱ्याच महिन्यांनी नीट बघितलं. मग म्हणाली, "चल. पण त्याला घेऊन."

भगुणं फळीवर उपडंच ठेवून दोरीने करकचून बांधलं. ओहायो नदीवर पोचल्या तेव्हा स्वच्छ दुपार होती. होडीत नावाडी आणि या दोघी मायलेकी. बाकी कुणी नाही.

नदीच्या मध्यावर केझायाने दोरी सोडायला घेतली.

"माय, काय करतेस?"

"त्याला नदीपार यायचं होतं ना? बघू दे."

तिने भगुणं सुलटं केलं.

वल्ह्यांचा आवाज थांबला... पाण्याचाही...

मग भगुण्यातून केझायाचाच आवाज आला. त्या संध्याकाळचा.

"देवा, माझ्या टायटसला सुखरूप आण..."

"माय..."

"एकदा डोळ्यांना दिसू दे, देवा..."

"माय, मी आलोय. चल ना."

"एवढंच मागते, दुसरं काही नको..."

"माय... ऐकतेस ना?"

मग काहीच नाही...

शेवटी टायटस स्वतःशीच बोलावा तसा हळू बोलला. रागावलेला नव्हता.

"झोपली वाटतं. दमली असेल बिचारी. उद्या येतो."

आणि वाळल्या गवतातून पावलं लांब गेली.

केझायाने भगुण्यात तोंड घातलं.

"मी जागी होते रे! टायटस, मी झोपले नव्हते! तुझंच नाव घेत होते... ऐक ना रे, बाळा, मी जागी होते!"

भगुणं रिकामं होतं. तिने ते पुन्हा उपडं घातलं, पुन्हा उघडलं, पुन्हा घातलं. शेवटी सिलाने तिचे हात धरून ठेवले.

होडी काठाला लागली. नावाडी दोघींकडे बघून गोंधळला.

"बाई, तुमच्याबरोबर एक पोरगा होता ना? आत्ता बोलत होता तो?"

सिलाने आईला धरून काठावर उतरवलं.

केझाया पुढे बरीच वर्षं जगली. मोकळ्या झालेल्या माणसांच्या गावात, स्वतःच्या घरात. पण त्या घरात तिने कुणाला मोठ्याने प्रार्थना करू दिली नाही. आजीने आम्हालाही तेच शिकवलं. आम्ही ओठ मिटून प्रार्थना करतो, आणि मधेच थांबतो.

मागच्या अंगाला कुणी हाक मारत असेल तर ऐकू यावी म्हणून...