दाराजवळची जागा

वाचनालयाच्या दालनात माझ्या खोलीतून दोन पाय बाहेर आले होते. हिरवे लोकरी मोजे, एकाला अंगठ्याशी भोक.

खोली म्हणजे काय, तर लाकडी फळ्यांचे सहा सुटे भाग. एकमेकांत अडकवले की सहा विद्यार्थ्यांना बसून वाचता येईल एवढा गोल आडोसा. खाली लोकरीचा जाड नमदा, वर छत, मध्ये दिवा. जागा बदलायची तर तासाभरात सोडवून दुसरीकडे जोडायचा. वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाचं माझं काम होतं ते. बाहेर आमच्या अल्माटी शहरातला नोव्हेंबर, ना धड पाऊस ना धड बर्फ. आणि आत कुणीतरी अनोळखी निवांत आडवं पडलेलं.

"कोण आहे?" मी दारातूनच विचारलं.

"आस्खात. स्थापत्य विभाग. हे छत डोक्यावर पडेल का, ते बघायला पाठवलंय."

"मग?"

"अजून तरी नाही पडलं." मोजे आत गेले आणि एक विस्कटलेलं डोकं बाहेर आलं. मी हात पुढे केला, तर त्यानं आपला मागे घेतला. "उंबरठ्यावरून हात मिळवत नाहीत. घरी शिकवलं नाही का कुणी? आत ये."

"मी इथेच बरी आहे... मी झाउरे. ही खोली माझी."

"मालकीणबाईच आत येत नाहीत? म्हणजे पडणार तर."

तो हसत होता. मी दाराबाहेरच उभी राहिले. खोली उभी करून तीन आठवडे झाले होते आणि मी तिच्यात एकदाही बसले नव्हते.

मग तो रोजच येऊ लागला. कधी सांधे तपासायला, कधी नुसताच. येताना दुधाचा चहा आणि कागदात गुंडाळलेले गरम बाउरसाक, पिठाचे तळलेले गोळे. उपाहारगृहात मी नेहमी दाराजवळची खुर्ची धरते, हे त्यानं दुसऱ्याच दिवशी हेरलं.

"सिनेमाला येशील?" एकदा त्यानं विचारलं.

"दार कुठल्या बाजूला आहे?"

"तू दाराकडे बघ, मी तुझ्याकडे बघतो. सिनेमा बाकीचे बघतील."

मला हसू आलं. हा मला आवडायला लागला होता... आणि भीती नेमकी त्याचीच होती.

शेवटी एका दुपारी जिन्यात बसून मी सांगून टाकलं. मार्चमध्ये भर सकाळी भूकंप झाला, तेव्हा मी सात मजले उतरून अंगणात उभी होते. एका पायात चप्पल. आणि तिथे उभं राहिल्यावर आठवलं — मेरेय न्हाणीघरात आहे. माझी धाकटी बहीण. ती आली थोड्या वेळानं, केसांत साबणाचा फेस, चक्क हसत. आता घरातल्या प्रत्येक समारंभात ती हा किस्सा सांगते. ताईला चप्पल आठवली, बहीण नाही आठवली. सगळे हसून लोळतात. मीही हसते.

"ती ठीक आहे ना पण," आस्खात म्हणाला.

"ती ठीक आहे. मी नाहीये. जमीन हलली की मला माणसं आठवत नाहीत. उद्या तू शेजारी असशील आणि मी... माझ्यावर भरवसा ठेवू नकोस, आस्खात."

त्याचा चेहरा उतरला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. "चहा गार होतोय," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, संपलं.

शुक्रवारी विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाच्या गुलनारबाई, आम्हा सगळ्यांच्या आपाय म्हणजे ताई, घड्याळ घेऊन आल्या. घंटा वाजली की सहाही जण वीस सेकंदांत खोलीबाहेर पडले पाहिजेत, असा नियम. घंटा वाजली... आणि सहाही शहाणे, त्यांत आस्खातही, दारातच बसून बुटांच्या नाड्या बांधू लागले. नमदा दिसला की आमच्यातलं कुणी त्यावर बूट घालून पाय ठेवत नाही, आणि बुटांची फळी मी दाराच्या आत बसवली होती. शेवटचा मुलगा तर दुसऱ्याचा डावा बूट घालून लंगडत निघाला.

"एक मिनिट दहा सेकंद," आपाय म्हणाल्या. "पोरी, एवढ्या वेळात अख्खं शहर पडेल. सोमवारी पुन्हा बघते. नाही जमलं तर खोली उतरवायची."

भूकंपाची एवढी धास्ती घेतलेली मी, आणि पळायच्या वाटेवर मीच जोड्यांचा ढीग रचला होता. आस्खातनं फळी काढून बाहेरच्या भिंतीला ठोकली. काम झालं तसा हातोडी घेऊन तो निघून गेला.

सोमवारी सहा जणांतली एक मुलगी तापामुळे आलीच नाही.

"तूच बस," आपाय मला म्हणाल्या.

"मी?"

"तुझीच ना खोली?"

मी बूट काढले आणि आत गेले. लोकरीचा ओलसर वास, दिव्याचा पिवळा उजेड, बाहेर काचांवर बर्फाची टकटक. इतकं छान होतं आत, आणि मला श्वास घेता येत नव्हता. मी दाराजवळ बसले. शेजारी आस्खात, हातात उघडं पुस्तक, तेही उलटं. मी घंटेकडे कान लावून बसले होते.

घंटा वाजलीच नाही. आधी दिवा झुलला, मग जमिनीखालून तो आवाज आला.

पुढचं मला आठवत नाही. आठवतं ते वाचनालयाचं अंगण, तोंडावर बोचणारा गारठा, मोज्यांतून वर चढणारं पाणी. आणि एकच विचार — परत पळाले. परत कुणाला तरी मागे टाकून आले. वळून दाराकडे बघायची हिंमत होईना.

"झाउरे..." आवाज अगदी जवळून आला. "माझा हात."

माझ्या मुठीत स्वेटरची बाही होती. बाहीत आस्खात होता, पांढराफटक पडलेला.

"मी ओढलं तुला?"

"फरफटत आणलंस. गुडघा फुटलाय बहुतेक."

"पण तू... तू का नाही पळालास?"

"मला पळता येत नाही." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "मार्चमध्येही नाही आलं. वर्ग रिकामा झाला आणि मी एकटा उभा. पायच हलेनात. नंतर सगळे म्हणाले, काय धीराचा आहे हा. मी गप्प बसलो. त्या दिवशी जिन्यात तुला सांगणार होतो... लाज वाटली."

आमच्यामागे बाकीचे चौघे मोज्यांवर उड्या मारत उभे होते. गुलनार आपायनी डोकी मोजली. "सहा. अकरा सेकंद," त्या म्हणाल्या. घड्याळ त्यांनी अजूनही सोडलं नव्हतं. "राहू दे तुझी खोली."

मी रडत होते की हसत होते, कुणास ठाऊक. "मला तू आवडतोस," मी म्हणाले. "खूप. म्हणून तर इतके दिवस एवढी भ्यायले होते."

"ते बाहीला कळलं." त्याच्या गालांवर हळूहळू रंग परत येत होता. "आता सोड. सैल होईल, आईनं विणलाय."

"थांब ना... अजून हलतंय."

जमीन केव्हाच थांबली होती. आस्खातनं एकदा पायांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हो," तो म्हणाला. "हलतंय खरं."