उखाण्याची तबकडी

रोहिणीने पाठवलेला टीव्ही भिंतीवर चढला, त्या दिवसापासून घरात आणखी एक म्हातारा राहायला आलाय असं नेमगोंडा पाटलांना वाटू लागलं. टीव्ही बंद असला की त्याच्या काळ्या काचेत सगळी खोली उतरायची. खिडकी, पुस्तकांचं कपाट, वेताची खुर्ची आणि खुर्चीत मान खाली घालून बसलेले ते स्वतः. उभा जन्म वाचनालयाच्या कपाटांआड काढलेल्या माणसाला स्वतःकडे समोरासमोर बघायची सवय नसते. ते खुर्ची खिडकीकडे तिरकी करून बसत.

लेक बेंगळुरूहून फोनवर म्हणाली होती, "आण्णा, बातम्या बघा, सिनेमे बघा. दिवस जाईल."

त्यांना बातम्या नको होत्या, सिनेमेही नको होते. त्यांना एकच तबकडी बघायची होती, रोहिणीच्या लग्नाची. गडहिंग्लजच्या कार्यालयात, भर मे महिन्यात झालेल्या त्या लग्नात त्यांच्या बायकोने, अरुणाबाईंनी, उखाणा घेतला होता.

एरवी त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे हुपरीच्या चिमणामावशीने त्यांच्या मनात लहानपणीच पक्कं बसवलं होतं. उखाण्यात तेवढं चालतं. स्वतःच्या लग्नातला उखाणा वाजंत्र्यांच्या गोंगाटात बुडून गेला आणि पुढे बायकांचा घोळका जमला की नेमगोंडा तिथून निसटत. लेकीच्या लग्नातही ते कोठीवर बसले होते. लाडवांच्या पाट्या, वाळा घातलेल्या पाण्याचे माठ आणि मांडीवर पुस्तक. बाहेर एकदम हशा पिकला तेव्हा त्यांना कळलं, हिने नाव घेतलं. रात्री त्यांनी भीतभीत विचारलं, काय घेतलंस? त्या हसल्या होत्या. "सीडीत येईल की. समोर बसून बघा."

पण जुना प्लेअर नेमका त्याच जागी, उखाण्याचा पहिला शब्द यायच्या आत, अडकायचा. अरुणाबाई उठून चित्र पुढच्या पंगतीवर न्यायच्या आणि दरवेळी म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे, सवडीनं बघा." मग प्लेअर बिघडला. मग अरुणाबाईच गेल्या.

त्याला आता दोन वर्षं होत आली होती. अलीकडे नेमगोंडांच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि ते घाबरले. चेहरा आठवत होता, साडीची घडी घालायची पद्धत आठवत होती, पण आवाज निसटत चालला होता. गावाने आपलं नाव घेतलं, बँकेत घेतलं, दवाखान्यात घेतलं. त्या एका तोंडून ते ऐकायचं राहून गेलं. ते ऐकायचंच, असं त्यांनी ठरवलं. आयुष्यात त्यांनी फार थोड्या गोष्टी ठरवल्या होत्या, त्यामुळे या एका ठरावाला ते घट्ट धरून बसले.

राजारामपुरीतल्या टीव्हीच्या दुकानात विजयसिंहांनी त्यांच्याकडे जुन्या नाण्याकडे बघावं तसं बघितलं. दुकान त्यांचंच, आवाजही तसाच, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"डीव्हीडी प्लेअर? आण्णा, कुठल्या जमान्यात हायसा? पेनड्राइव्हमध्ये भरून घ्या की!"

"भरायला दिली होती," नेमगोंडा हळू आवाजात म्हणाले. "तो म्हणाला, एका जागी तुटते. मला तीच जागा पाहिजे."

"काय हाय तिथं, सोनं पुरलंय?"

नेमगोंडांनी नजर काउंटरवर उतरवली. कानाच्या पाळ्या तेवढ्या तांबड्या झाल्या. विजयसिंहही मग जरा नरमले आणि माळ्यावरून दोन खोकी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. एक साधा प्लेअर, तीन वायरींचा. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. दुसरा एचडीएमआयवाला, एकाच चपट्या पिनेचा. तो चरे पडलेल्या तबकड्याही वाचतो म्हणे.

"तीन वायरींत चित्र गाळून गाळून येतंय, तुमच्या जैनांच्या पाण्यागत," विजयसिंह म्हणाले. "एचडीएमआयमध्ये जसं हाय तसं. काय पायजे बोला."

नेमगोंडांनी नेहमीसारखी कमीपणाची बाजू घेतली. साधा प्लेअर उचलला.

दुपारच्या जेवणानंतर माहितीपुस्तिका मांडीवर घेऊन त्यांनी जोडणी केली. टीव्हीच्या पाठीमागे हात घालून पिना चाचपाव्या लागत होत्या. पुस्तिका तीनदा वाचूनही आपलं चुकणारच, ही खात्री होती. पण पडदा उजळला. चित्र आडवं ताणलेलं, माणसं रुंद तोंडाची, रंग धुतल्यासारखे. ते खुर्चीत बसले, सवयीप्रमाणे तिरके.

मुहूर्त झाला. अक्षता झाल्या. क्षणभर कोठीचं दार दिसलं आणि आत पुस्तकाआड तोंड लपवणारे तेव्हाचे नेमगोंडा. मग बायकांचा घोळका. मध्ये अरुणाबाई, हिरव्या काठाची साडी, तोंडाला पदर. बाजूच्या बायका त्यांना कोपराने ढोसत होत्या. अरुणाबाईंनी पदर काढला आणि म्हटलं,

"गाळून भरलं पाणी, घातला त्यात वाळा..."

चित्र फुटलं. पडद्यावर चौकोनच चौकोन झाले. बाजूच्या बायकांचे चेहरे जागच्या जागी थिजले. नेमगोंडांनी डोळे बारीक केले. त्या थिजलेल्या घोळक्यात अरुणाबाईंचा हात तेवढा हलत होता. त्या पदर सारखा करत होत्या. स्वयंपाकघरातून बोलावल्यावर कुणी यायला उशीर करावा आणि आपण उंबऱ्यात वाट बघत थांबावं, तशा.

मग चित्र पुढे सरकलं आणि पंगत आली. अरुणाबाई पानावर बसल्या होत्या आणि शेजारच्या रिकाम्या पानावर स्टीलचा पेला पालथा घातलेला होता. ही त्यांची जुनी रीत. नेमगोंडा चारचौघांत जेवायला हमखास मागे राहायचे. पेला पालथा म्हणजे जागा धरलेली.

तबकडी संपल्यावर ते वायरी गुंडाळायला उठले आणि वाकलेलेच राहिले. पिवळी पिन टीव्हीत होती. लाल आणि पांढरी सतरंजीवर पडलेल्या होत्या. त्या जोडायच्याच राहिल्या होत्या.

नेमगोंडांनी स्वतःला मूर्ख ठरवलं, हे काम त्यांना नेहमी जमायचं. तरी दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले.

"फक्त पिवळी जोडली तर आवाज येतो का?"

"कसा येईल? आवाज त्या दोघींतनंच."

"मला ऐकू आला."

विजयसिंहांनी प्रथमच आवाज खाली आणला. "ऐकला नसंल, आण्णा. आठवला आसंल. आमचं वडील गेल्यावर मलाबी असंच व्हायचं."

नेमगोंडा मान डोलावून बाहेर पडले. समजूत चांगली होती. रस्त्यावर येईपर्यंत टिकली. मग त्यांच्या लक्षात आलं, जे कधी ऐकलंच नाही ते आठवेल कसं?

त्यांनी घराकडे न वळता हुपरीची बस धरली.

चिमणाबाई दारातच बसल्या होत्या. घरात सुना पैंजणांना घुंगरू जोडत होत्या. चांदीची बारीक किणकिण अखंड चालली होती. म्हातारी नव्वदीची, पण जीभ शाबूत.

"या जावई. पुस्तक इसरलासा का आज?"

नेमगोंडांनी पाणी पिता पिता तबकडीतल्या आवाजाचं सांगितलं, शब्द मात्र सांगितले नाहीत, आणि थेट विचारलं. रोहिणीच्या लग्नात अरुणाने कोणता उखाणा घेतला होता?

"गाळून भरलं पाणी, घातला त्यात वाळा," चिमणाबाई लगेच म्हणाल्या. नेमगोंडांनी हातातला पेला खाली ठेवला. "मी बाजूलाच बसलोतो की. पर तेवढाच. फुडं न्हाय."

"म्हणजे?"

"नाव घेतलंच न्हाय तिनं. आर्धा घेतला आन् थांबली. समद्या हसल्या. मी म्हटलं, का गं? तर म्हणली, ते कोठीत हायत. समोर येऊन बसतील तवा घेतो."

म्हणजे तबकडीला चरा नव्हताच. तिथे पुढे काही नव्हतंच. 

"आणि मावशी, आता तिने नाव घेतलं तर?"

किणकिण थांबल्यासारखी वाटली. चिमणाबाईंनी त्यांना न्याहाळलं.

"मेल्या माणसाच्या तोंडी आपलं नाव ऐकू नये, जावई. जित्या बाईनं घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य घटतं. मेलेलीनं घेतलं तर ते बोलावनं आसतंय." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "च्या टाक गं. आनी तुम्ही ती लग्नाची शिडी पंचगंगेत सोडा."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून नेमगोंडांनी सगळ्याचा हिशेबी माणसासारखा विचार केला. भीती वाटत होती, ती नेहमीच वाटायची. लग्नात वाटली, नोकरीत वाटली, अरुणाच्या खाटेजवळ बसतानाही वाटली आणि तेव्हाही ते पायथ्याशी, जरा तिरकेच बसले होते. पण ती एवढी वर्षं पदर सारखा करत उभी आहे आणि आपण कोठीतच बसलोय. हे काही बरोबर नाही.

ते राजारामपुरीत उतरले. साधा प्लेअर परत करून त्यांनी एचडीएमआयवाला घेतला.

"ठरलं व्हय शेवटी?" विजयसिंह म्हणाले.

"जसं आहे तसं बघायचंय," नेमगोंडा म्हणाले. आपला आवाज दुकानभर ऐकू गेला याचं त्यांनाच नवल वाटलं.

दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. त्या संध्याकाळी जेवणाआधीच त्यांनी प्लेअर लावला. एकच वायर, एकच पिन. खट्ट आवाज करून बसली. खिडकीतून ऊन आडवं आत आलं होतं. त्यांनी वेताची खुर्ची उचलली आणि टीव्हीच्या बरोबर समोर, सरळ ठेवली. पुस्तिका मांडीवर होती. ते बसले.

चित्र इतकं स्वच्छ होतं की त्यांनी चष्मा काढून पुसला. अक्षतांचा दाणा न् दाणा दिसत होता. मांडवातल्या पंख्याची घरघर, माठाखालची ओली वाळू, कुणाच्या तरी केसांतला सुकत चाललेला गजरा. कोठीचं दार आलं.

आत कुणी नव्हतं. स्टुलावर पुस्तक पालथं पडलं होतं.

नेमगोंडांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. उठले मात्र नाहीत.

घोळका आला. अरुणाबाईंनी पदर काढला.

"गाळून भरलं पाणी, घातला त्यात वाळा..."

चित्र फुटलं नाही.

बायका हसायच्या थांबल्या. एकीने दुसरीला खूण केली. एकेक करून सगळ्यांनी मान वळवली आणि समोर बघितलं. त्यांच्यात चिमणाबाई होत्या. त्यांनी तेवढी नजर खाली घातली.

अरुणाबाईंनी नेमगोंडांकडे बघितलं.

"आलासा?"

तोच आवाज. थोडा घोगरा, शेवटाला वर चढणारा. कसा विसरलो, असं त्यांना वाटलं.

"आलो," ते म्हणाले.

अरुणाबाई लाजल्या. मग हनुवटी वर करून, मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"गाळून भरलं पाणी, घातला त्यात वाळा,
नेमगोंडारावांचं नाव घेते, पुस्तकाला घाला टाळा."

हशा उसळला. खोलीच्या चारी भिंतींतून आला.

नेमगोंडांनी मांडीवरची पुस्तिका मिटली.

पंगत आली. अरुणाबाई पानावर बसल्या होत्या. शेजारच्या पानावर भात वाढलेला होता. पेला सुलटा होता आणि त्यातलं पाणी अर्धं प्यालेलं होतं.

तबकडी संपली. पडदा काळा झाला.

काचेत खोली उतरली. खिडकी, खिडकीतलं शेवटचं ऊन, पुस्तकांचं कपाट. मधोमध, सरळ ठेवलेली वेताची खुर्ची. खुर्चीत कुणी नव्हतं.

नेमगोंडा त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. मग सवयीने त्यांनी ओठांवरून हात फिरवला. ओठ ओले होते. पाण्याला वाळ्याचा वास येत होता.