अर्ध्यावर सुटलेलं गोंदण

छबुबाई गोंदणारीण पाटोद्याच्या बाजाराला निघाली, ती काजळी घोटायला नवी वाटी घ्यावी म्हणून. निजाम सरकारचे दिवस, चैत्राचं ऊन आणि बाई साठी उलटलेली. पण चाल अशी की तरण्या सुनांनी मागं पडावं. पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांच्या बायकांच्या हातांवर तिच्या सुया फिरल्या होत्या. मेल्यावर दागिने पोरं काढून घेतात, गोंदण तेवढं संगती येतं, असं ती भेटेल तिला ऐकवायची. सल एकच होता. तिचा स्वतःचा उजवा हात कोरा होता. आईनं डावा गोंदला आणि ती गेली. आपला उजवा आपणच कसा गोंदायचा? आणि दुसऱ्या कुणाचं काम बाईंना पसंत पडेल तर शपथ.

वाटेत माळावरच्या सरकारी बंगल्याचा राखणदार गहिनीनाथ आडवा आला. त्याचे डोळे सुजले होते. आठ दिवसांमागं याच बंगल्याच्या ओसरीत छबुबाईनं त्याच्या लेकीच्या, सारजाच्या मनगटावर पाच ठिपके गोंदले होते. त्या ठिपक्यांना आता रेघा फुटल्या होत्या. रोज भर दुपारी त्या वर सरकत. पोर अन्नाला शिवत नव्हती, बोलत नव्हती. गावानं अंगारे लावले, लिंबं उतरवली, आणि काही चालेना तेव्हा खापर छबुबाईच्या सुयांवर फोडलं.

"लोक म्हंत्यात तुजा हात बाटला, मावशे," तो खाली बघत म्हणाला. "काल खांद्याला आलं. आज गळ्याला भिडलं की पोर ऱ्हात न्हाई."

वाटी बाजारातच राहिली.

बंगल्याच्या दिवाणखान्यात सारजा घोंगडीवर पडली होती. छबुबाईनं तिचा हात उजेडात धरला. करवतीच्या दात्यांसारख्या काळ्या ओळी, एकीखाली एक, केसभर चूक नाही. असं काम करणारी बाई बीडपासून केजपर्यंत नव्हती. भीती वाटलीच, पण खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

ऊन डोक्यावर आलं. बाहेरचा वारा पडला आणि खोलीत पावसात भिजलेल्या मिठाच्या पोत्यासारखा वास भरला. मग आवाज आला. टक्... टक्... टक्...

"हेच," गहिनीनाथ पुटपुटला. "रोज... भिंतीतून."

भिंतीवर एक चित्र होतं. तलावाची मोजणी करायला आलेला गोरा इंजिनिअर ते मागं टाकून गेला होता. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, शंभर वर्षांचं तरी असेल. समुद्र, गलबत, किनाऱ्याला लागलेली होडी, बंदुका रोखलेले साहेब, समोर कुठल्याशा बेटावरची उघडी माणसं. गहिनीनाथानं ते किती वर्षं पुसलं असेल; त्याला बंदुकाच दिसायच्या. छबुबाई माणसाचे आधी हात बघायची. कोपऱ्यातल्या झाडाखाली तिला एक म्हातारी दिसली. तिच्या मांडीवर एका पोरीचा हात होता. म्हातारीनं गोंदायची, दाते असलेली बारकी फणी आणि ती ठोकायची काठी धरली होती, पण मान वळवून ती बंदुकांकडे बघत होती. पोरीच्या खांद्यापासून कोपरापर्यंत दात्यांच्या ओळी होत्या. खाली हात कोरा.

गावाचं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालं होतं.

"काम अर्ध्यावर सुटलंय रे," छबुबाई हळूच म्हणाली. "पोर तशीच मेली असंल. कोरा हात घिऊन वर कशी जाईल ती? म्हून म्हातारी दुसरा हात शोधतीय. काढ ते खाली. काच बी काढ."

गहिनीनाथ हात जोडायला लागला. सरकारी चीज, वर कळलं तर नोकरी जाईल.

"नोकरी पायजे का पोर?"

त्यानं चित्र उतरवलं.

छबुबाईनं थैलीतून लाल दोऱ्यानं बांधलेल्या तीन सुया काढल्या, काजळी कालवली आणि कागदावरच्या त्या बोटभर हातावर पहिलं टोक टेकवलं. कागद ऊन होता, अंगासारखा. ती दचकली, पण दुखणाऱ्या पोरीला रमवायचं गाणं तिच्या तोंडून सवयीनं सुरू झालं. इकडे टकटक वाढली. सारजाच्या गळ्यापाशी नवी रेघ उमटायला लागली. ओळीखाली ओळ ती उतरवत गेली. कागदातून लाल थेंब वर आला, तो तिनं पदरानं टिपला. शेवटचा दाता मनगटावर बसला. तिनं चिमूटभर हळद चोळली.

टकटक थांबली.

"आबा," घोंगडीवरून आवाज आला, "भूक लागली."

सारजाच्या हातावर पाच ठिपके उरले होते, बाकी कातडी स्वच्छ होती. त्याच दुपारी छबुबाई पोरीचं बोट धरून बाजाराच्या मधोमधून मिरवत गेली, आणि ज्यांनी खापर फोडलं त्यांनी वाट सोडली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सुना हात पुढं करून तिच्या दारात बसल्या होत्या. असा मान तिला उभ्या जन्मात मिळाला नव्हता.

पण बाजारातून परतली त्याच संध्याकाळी तिनं थैली उघडली होती, तर सुया नव्हत्या. त्यांच्या जागी हाडाची एक बारकी फणी होती, दाते काळे पडलेले. बंगल्यात जाऊन पाहिलं, तर चित्रातल्या म्हातारीची मान आता वळलेली नव्हती, आणि तिच्या मुठीत एकत्र बांधलेल्या तीन बारीक रेघा होत्या.

छबुबाईनं हे कुणाला सांगितलं नाही. नव्या सुया केल्या, आणि तेव्हापासून रोज दुपारी घटकाभर दार लावून घ्यायला लागली. लोक म्हणत, म्हातारी झोपते.

पुढं पंधरा वर्षांनी एका दुपारी ते दार उघडलं नाही. सारजा, आता दोन लेकरांची सारजाबाई, भाकर घेऊन आली होती. आत टकटक चालू होती, ती ऐकता ऐकता थांबली. शेजाऱ्यांनी कडी तोडली. छबुबाई भिंतीला टेकून शांत बसली होती, जीव गेलेला. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत करवतीच्या दात्यांसारख्या ओळींनी भरला होता, केसभर चूक नाही. शेवटच्या ओळीवरचं रक्त अजून ओलं होतं. हळद लावायची तेवढी राहिली होती, ती सारजाबाईनं लावली.

मग तिनं मांडीवरची थैली उघडली. फणी नव्हती. लाल दोऱ्यानं बांधलेल्या तीन जुन्या सुया होत्या. त्या ओल्या होत्या, आणि त्यांना भिजल्या मिठाचा वास येत होता.