समोरच्या घरातला उकाडा

चंद्रपुरात वीज फुकट झाली त्याला एकोणीस वर्षं झाली आणि उन्हाळ्यात घराबाहेर पडणं बंद झालं त्याला अकरा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तारका खोब्रागडेला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण तिचा विषयच उष्माशास्त्र. पण ठाऊक असून करायचं काय? गारयंत्र तिच्याही घरात अखंड चालूच होतं.

आज मात्र दुपारी दोन वाजता घरातल्या त्या गारव्यात बसून ती फोन कानाला घट्ट धरून होती. गल्लीपलीकडे, बरोबर समोरच्या घरात, तिच्या बाबांचं गारयंत्र बंद होतं. बिघडलं नव्हतं, त्यांनीच बंद केलं होतं.

"अवं, सकाळपासून चालू होतं बिचारं," देवाजी खोब्रागडे फोनवर म्हणाले. "म्हटलं, दहा मिनिटं दम खाऊ द्यावा मशिनीला. मोटर जळते, नाही तर. आता बटण दाबून राहिलो, तर घेऊनच नाही राहिली."

"बाबा, ती मोटर जळत नाही हो! किती वेळा सांगू तुम्हाला?"

सांगून उपयोग नव्हता. देवाजी जुने लाइनमन. गेलेली लाइन आली की सगळा भार एकदम घ्यायचा नाही, नाही तर फीडर बसून सगळ्यांचीच वीज पुन्हा जाते, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. आधी दवाखाना, मग पाण्याची टाकी, मग एकेक आळी आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं घर. वस्तीभर पंखे फिरायला लागले तरी तारकाची आई अंधारात पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली असायची. तारकाला तेव्हाही या माणसाचा राग यायचा. इतरांची गारयंत्रं पडद्यावरून चालायची, यांनी मात्र हट्टाने हाताची कळ बसवून घेतली होती.

तिने वेधशाळेतल्या मुनीर शेखला पडद्यावर गाठलं.

"त्यांच्या घरात किती?" मुनीरने विचारलं.

"त्रेचाळीस. दर दहा मिनिटांना एक अंश चढतोय."

"आणि गल्लीत?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग कसं सुरू होईल? आपलं यंत्र गारवा तयार करत नाही, तारका. ते घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतं, आणि स्वतः खाल्लेली वीजसुद्धा उष्णता होऊन बाहेरच पडते. वीज फुकट झाली, उष्णता कुठे गेली? चालू असलेलं यंत्र अठ्ठ्याहत्तरातही रेटून नेतं. पण एकदा थांबलं की बाहेर साठाच्या आत आल्याशिवाय पुन्हा हलत नाही. आत तेवढा दाब साठलेला असतो."

"मला शिकवू नकोस. उपाय सांग."

बचावगाडी तीन तासांनी येणार होती. देवाजींचं वय चौऱ्याहत्तर. सगळी दारं त्या एकाच गल्लीत उघडणारी, गल्लीवर सावलीसाठी घातलेलं छप्पर, आणि बाहेर पंचावन्नाच्या वर असलं की दारराखण यंत्रणा कुलूप सोडत नाही. माणसं भाजू लागल्यावर शहराने तो नियम केला होता, आणि मसुद्यावर तारकाचीच सही होती.

"गल्लीतली सगळी यंत्रं बंद केली तर?" तिने विचारलं.

मुनीरने आकडे मांडले. "अर्ध्या तासात गल्ली एकोणसाठावर येईल. त्याखाली नाही, कारण शेजारच्या गल्ल्या तापलेल्याच आहेत. म्हणजे दारं उघडणार नाहीत, पण यंत्र सुरू होईल."

"बस झालं की!"

"ऐक. गल्लीतल्या बेचाळीसही घरांनी एकाच क्षणी यंत्र सुरू केलं पाहिजे. दहा-बारा यंत्रं लागली की मिनिटभरात गल्ली साठाच्या वर जाईल. मागे राहील त्याचं राहिलंच."

"मग पुन्हा बंद करू."

"तोवर सगळी घरं तापलेली असतील. त्यांत तान्ही मुलं आहेत. दुसऱ्यांदा कोण बंद करेल? तू तरी कोणत्या तोंडाने सांगशील?"

तारकाने एकेकाला फोन लावला. अकरा वर्षांत ज्यांचं तोंड धड पाहिलं नव्हतं, त्यांच्यापुढे ती अक्षरशः रडली. शेवटच्या घरातल्या कामडीकाकूंच्या मांडीवर दोन महिन्यांचा नातू होता. त्यांनी त्याच्या अंगावरचं दुपटं काढलं. मग म्हणाल्या, "अर्धाच तास ना बाई?"

यंत्रं थांबली. गल्लीतली घरघर विरली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तारकाला दोन बंद दारांपलीकडून बाबांचा खोकला ऐकू आला. ती दारापाशी गेली. कुलूप लाल होतं. वीस पावलांवरचा माणूस, आणि ती नुसती कान देऊन उभी. सत्तर. चौसष्ट. एकसष्ट. घामाने तिचा कुडता अंगाला चिकटला. कुठल्या तरी घरात मूल किंचाळत होतं.

एकोणसाठ.

"सगळे आहात ना फोनवर?" तिने विचारलं. "बाबा, तुम्ही? मी तीन म्हटलं की दाबायचं. सगळ्यांनी. एकदम."

"हो, हो," देवाजी म्हणाले.

"एक. दोन. तीन!"

गल्ली पुन्हा घरघरू लागली. तारकाच्या डोक्यावरून गार झोत आला. तिने दाराच्या काचेतून समोरच्या घराच्या भिंतीकडे पाहिलं. बाबांच्या यंत्राचं पातं हललं नव्हतं.

"बाबा, दाबलं का?"

"दाबतो ना. घाई काऊन करतेस?" देवाजींचा आवाज बसला होता, पण शांत होता. "त्या कामडीच्या नातवाचं चालू झालं का?"

तारकाने गल्लीच्या तापमापकाकडे पाहिलं. साठ. एकसष्ट. ओरडायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. आयुष्यभराचा राग शोधूनही सापडेना.

"झालं, बाबा."

"अन् बाकीच्यांचं? सगळ्यांचं आलं?"

त्रेसष्ट.

"आलं, बाबा. सगळ्यांचं आलं."

"मंग आता आपलं घेतो," ते म्हणाले, आणि तिला कळ दाबल्याचा आवाज ऐकू आला.