आउटबॉक्समध्ये अडलेला फोटो

तिरोड्यातलं पहिलं कंप्यूटर आपल्याच घरी आलं, असं कुंजीलाल बिसेन छातीवर हात ठेवून सांगत. बँकेतलं आणि तहसीलमधलं ते मोजत नसत; ते सरकारी, म्हणजे कुणाचंच नाही. कंप्यूटर आलं त्या दिवशी दारात नारळ फुटला, पडद्याला हळदकुंकू लागलं, आणि बोदलकशाच्या तलावातले मासे विकणारा बकाराम टोपली ओसरीवर ठेवून तासभर आत बघत बसला. तेवढ्यात मांजरानं तीन मासे लांबवले. बकाराम म्हणाला, "जाऊ द्या जी, एवढं तिकीट तं लागतेच."

ही गोष्ट दोन हजार तीनच्या कार्तिकातली. हलकं धान कापून झालेलं, आणि कुंजीलालच्या मिलमधून उकडत्या धानाचा ऊन-ऊन वास अख्ख्या मोहल्ल्यात फिरत होता. त्या वासात ओमेश्वर रहांगडाले खांद्याला बॅग लावून दारात उभा राहिला, तो खरं तर चुकून. गोंदियाच्या कंप्यूटरच्या दुकानातून यायचा होता शालीकराम मिस्त्री. पण सकाळी त्याचा पाय मुरगळला, आणि दुकानात दुसरे रिकामे पाय ओमेश्वरचेच होते.

आत अकरा माणसं पडद्यासमोर हात बांधून बसली होती. पडद्यावर काळा चष्मा घातलेला एक तरुण पांढऱ्या गाडीला टेकून उभा होता. त्याचे ओठ हलत होते... हलतच होते. आवाज मात्र शून्य. पाण्याबाहेर काढलेला रोहू कसा तोंड उघडझाप करतो, तसं.

"जावई हाय," कुंजीलाल म्हणाले. "म्हंजे, होनार हाय. लोकेंद्र तुरकर, बालाघाटकडचा. मस्कतले इंजिनियर. बायोडाटा कागदावर नाही, सीडीवर पाठवला! तीन दिवसांपासून पाहून राहिलो. पोरगा मोठा शांत वाटते."

"शांत नाही जी काकाजी, आवाज बंद हाय."

"तेच म्हनून राहिलो. आवाज काढ."

ओमेश्वर टेबलाखाली शिरला. स्पीकरची पिन बरोबर भोकात होती, तार शाबूत होती. अंधारात तो टॉर्च चाचपू लागला, तर टॉर्च आपण होऊन पेटली. हिरव्या बांगड्यांचा एक हात ती धरून होता.

"डोकं सांभाळा—" हाताची मालकीण म्हणाली, आणि नेमकं तेव्हाच त्याचं डोकं टेबलाला दणकलं.

"उशिरा सांगितलं तुम्ही."

"मी वेळेवर सांगितलं. तुम्ही लवकर उठले."

ही भूमेश्वरी. कुंजीलालची एकुलती एक लेक, गावातल्या शाळेत सातवीला गणित शिकवणारी, आणि पडद्यावरच्या त्या रोहूसाठी योजलेली. ओमेश्वरनं डोकं चोळत एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तिसऱ्यांदा कुठं पाहावं ते त्याला सुचेना.

"तार ठीक हाय," तो सगळ्यांना म्हणाला. "या व्हिडिओतल्या आवाजाची भाषा कंप्यूटरले समजत नाही. मधी एक दुभाष्या बसवावा लागते." बॅगेतल्या एका सीडीतून त्यानं तो दुभाष्या, म्हणजे बोटभर प्रोग्रॅम, आत बसवला. मशीन बंद करून चालू केलं. आणि पोरगा बोलू लागला.

अकरा मिनिटं बोलला. माझा फ्लॅट, माझी गाडी, माझा एसी, माझे साहेब. मुलीला नोकरीची गरज पडणार नाही, माझ्या घरी तिला बोटसुद्धा हलवावं लागणार नाही. भूमेश्वरी 'माझा' मोजत होती. हाताची बोटं संपली, पायाची संपली, तेव्हा शेजारच्या काकूची बोटं उसनी घ्यावी लागली. बायका पदराआड हसत होत्या. कुंजीलाल मात्र खूश होते. "पाहा! बोलतेही चांगला."

बॅग आवरणाऱ्या ओमेश्वरजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "साहेब, ते... पहिलेवाली बिमारी वापस आणता येते का?"

परतीच्या गाडीत काचेवानी स्टेशन गेलं, गंगाझरी गेलं, तरी ओमेश्वर खिडकीकडे तोंड करून एकटाच हसत होता. समोरच्या म्हाताऱ्यानं पिशवी जवळ ओढून घेतली.

नवव्या दिवशी, दिवाळीच्या सुट्टीतल्या शुक्रवारी सकाळी, दुकानात कुंजीलालचा फोन आला. मेल जात नव्हता. शालीकरामचा पाय एव्हाना बरा होता. तो उठून चप्पल शोधेपर्यंत ओमेश्वर स्टेशनावर पोचला होता.

"पोरीचा फोटो मेलवर पाठवा म्हनतात," कुंजीलाल म्हणाले. "लोकेंद्र उद्या मस्कतहून सुट्टीवर निघून राहिला. त्याच्या पहिले फोटो अन् आमची 'हो' पोचली पायजे, नाही तं ते दुसरं घर पाहतील. दोन दिवसांपासून लाईन तुटून राहिली, बाबू."

"गोंदियातल्या एखाद्या सायबर कॅफेतून—"

"माझ्या पोरीचा फोटो बाजारात नेऊ? घरी कंप्यूटर असून?"

ओमेश्वरनं मेल उघडला. आउटबॉक्समध्ये एकच चिठ्ठी होती. वर लिहिलेलं, 'संबंध मान्य आहे', आणि खाली अडकवलेला फोटो. फोटो स्टुडिओवाल्यानं इतका मोठा स्कॅन करून दिला होता की त्याचं वजन साडेचार एमबी भरलं. टेलिफोनच्या तारेतून साडेचार एमबी पाठवणं म्हणजे सुईच्या भोकातून धानाचं पोतं ओढणं.

इलाज सोपा होता. फोटो उघडायचा, लहान करायचा, पाठवायचा. मिनिटाचं काम. ओमेश्वरला ते आल्या आल्या, दहा वाजता कळलं. त्याचा हात माउसवर होता. तो हात तिथंच राहिला. फोटोतली ती कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघत होती, जणू कुणी तिकडून डोकं आपटून घेतलं असावं...

"पाहतो जी," तो म्हणाला, आणि पोतं तसंच ओढायला लागला.

मोडेम किंचाळलं. त्या किंचाळण्यापायी गोठ्यातली म्हैस दोन दिवस दूध चोरून राहिली, असं भूमेश्वरीची आई जमुनाबाई आतून ओरडून सांगत होती. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी पुढं सरकली. पाव... अर्धी... पाऊण भरत आली, आणि टेबलावरचा फोन बारीक आवाजात बोलला: टिंग. लाईन तुटली.

दुसऱ्यांदाही तेच. पट्टी पाऊण, फोन टिंग, लाईन गुल.

"माकडं," कुंजीलाल म्हणाले. "खांबावर चढून तार हलवतात."

ओमेश्वर मात्र त्या 'टिंग'कडे कान लावून बसला. एका लाईनवर दोन फोन असले की एकाचा रिसीव्हर उचलल्यावर दुसरा असा हळू बोलतो. "काकाजी, घरात दुसरा फोन हाय का?"

"सैपाकघरात हाय. जमुनाले बहिणीसोबत बोलाले लागते न."

स्वयंपाकघराच्या दारावर फुलांचा पडदा होता. पडद्याच्या कडेला हिरव्या बांगड्या दिसल्या... आणि दिसेनाशा झाल्या. ओमेश्वरनं तिसऱ्यांदा लाईन लावली. पट्टी पाऊण, आणि टिंग. त्याला बिघाड सापडला होता, आणि सापडल्याचं दुःख अजिबात नव्हतं.

चौथ्या खेपेला पट्टी अर्ध्यावर असताना भूमेश्वरी स्वतः चहा घेऊन बाहेर आली. चेहरा असा, की नुकतीच पोथी वाचून उठली असावी.

"होऊन राहिलं का, साहेब?"

"होते होते अन् थांबते."

"मशीन म्हातारं असन."

"मशीन जवान हाय. कोनीतरी नजर लावून राहिलं."

"मग मिरच्या ओवाळा." ती ओठ दाबून उभी राहिली. कपाच्या वाफेपलीकडून दोघं एकमेकांकडे बघत होते. साखर बरोबर आहे का, हे विचारायला तिला भरपूर वेळ लागला, आणि त्याला उत्तर द्यायला त्याहून जास्त...

टिंग.

लाईन तुटली. दोघांनी आधी फोनकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"तुम्ही तं... इथं हाय," तो बोलून गेला.

"मग कुठं असू?" असं म्हणून ती रिकामा ट्रे छातीशी धरून आत पळाली. तीही चकित झाली होती, एवढं त्याला दिसलं.

कुंजीलालनी काठी उचलली. "मी खांबाखाली उभा राहतो. पाहतो कोनतं माकड येते ते!" ते तणतणत बाहेर गेले.

ओमेश्वरनं पाचव्यांदा लाईन लावली. मोडेमचा गळा पुरता मोकळाही झाला नव्हता, तोच टिंग. ह्या वेळी त्यानं टेबलावरचा रिसीव्हर कानाला लावला. आत डायल टोन भुणभुणत होता. त्यानं एक आकडा दाबला, भुणभुण थांबली. उरला फक्त एक श्वास, आणि त्यामागे कुकरची शिट्टी.

"कोन?" त्यानं विचारलं.

"...राँग नंबर."

"मी नंबर लावलाच नाही."

पलीकडे बांगड्या वाजल्या. "बाबूजीले सांगनार?"

"बिघाड काढल्याबिगर मी उठत नाही. माझा नियम हाय."

"मग काढा न."

"एका मिनिटात निघते. तुमचा फोटो मोठा हाय. लहान केला, तं तुम्ही रिसीव्हर उचलेपर्यंत मस्कतले पोचते."

पलीकडे गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला.

"हे तुम्हाले आता कळलं?"

"नाही. दहा वाजता."

"आता दीड वाजून राहिला."

"हो."

"मग काऊन नाही केला लहान?"

"लहान केला तं..." ओमेश्वरनं पडद्यावरच्या फोटोकडे पाहिलं. "नुकसान होते."

"कोनाचं? फोटोचं?"

"पाहनाऱ्याचं."

पलीकडे बांगड्या पुन्हा वाजल्या. मग तिचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. "ठेवू का फोन? मी ठेवला की तुमची लाईन मोकळी. तुमचा नियमही पाळला जाईन. सांगा... ठेवू?"

बाहेर कुंजीलाल माकडाला शिव्या देत होते. माकड कुठंच नव्हतं. साडेचार एमबी आउटबॉक्समध्ये वाट बघत पडलं होतं.

"नको ठेवू," ओमेश्वर म्हणाला. आणि 'तुम्ही'चं 'तू' झालेलं लक्षात येऊन त्याचे कान तापले.

"बरं," ती म्हणाली. "नाही ठेवत."

"पन बाबूजीले तूच सांग. माझ्याकून खोटं नाही बोलल्या जात."

"तोंडावर नाही सांगता येत. मी तोंड उघडलं की ते म्हनतात, पानी आन."

"तोंडावर कायले? लाईन चालू हाय."

कुंजीलाल घाम पुसत आत आले. "सापडलं का?"

"सापडलं जी." ओमेश्वरनं रिसीव्हर पुढे केला. "तुमच्यासाठी फोन हाय."

"कोनाचा?"

"घरचाच."

कुंजीलालनी रिसीव्हर घेतला आणि कलकत्त्याला बोलल्यागत ओरडले, "हॅलो! कोन बोलून राहिलं?"

"बाबूजी, मी भूमेश्वरी." आवाज तारेतून आला आणि पडद्यामागूनही आला. "मले मस्कतले नाही जायचं. मले शाळा नाही सोडायची. तुमची लाईन मी तोडून राहिली होती."

मिलच्या घरघराटावरून हमालांना हाका मारणारा हा माणूस. लेकीची तीन वाक्यं सलग त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकली. 'पानी आन' म्हणायला ती समोर नव्हती. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"कितीदा उचलला फोन?" त्यांनी विचारलं.

"आज चारदा."

"खोटं नको बोलू. पाचदा तुटली लाईन. चारदा इथं बसून मोजली, पाचव्यांदा मशीनचं किंचाळनं मधीच थांबलं ते बाहेरून ऐकलं."

स्वयंपाकघरात डाव पडल्याचा आवाज झाला. मग तारेवर दुसराच, जाड आवाज आला.

"एकदा मी उचलला," जमुनाबाई म्हणाल्या. "पोरगी चहा घेऊन बाहेर होती. म्हटलं, तेवढ्यात फोटो निघून जाईन."

कुंजीलालनी रिसीव्हर हळू खाली ठेवला. हळदकुंकवाचे डाग असलेल्या त्या पडद्याकडे पाहिलं. घरात कंप्यूटर आणलं त्यांनी, आणि चालवत होते बाकीचे.

"बाबू, या आउटबॉक्समधून चिठ्ठी बाहेर काढता येते?"

"येते जी."

"मग काढ. अन् दुसरी लिही. 'पोरीची शाळा हाय, ते सुटत नाही. राग मानू नये.' फोटो नको लावू."

बिनफोटोची चिठ्ठी डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली. या वेळी फोन चुपचाप होता. ओमेश्वरनं लाईन बंद केली, सीड्या पाऊचमध्ये घातल्या, बॅगेची चेन लावली. चेन फारच लवकर लागली.

"बसा," कुंजीलाल म्हणाले. सकाळपासून 'तू' म्हणणारे ते आता 'तुम्ही'वर आले होते. "कूर कोनतं तुमचं?"

"रहांगडाले."

"हं. आमचं बिसेन." कूर, म्हणजे कुळ, वेगळं होतं; एकाच कुळात सोयरीक होत नाही, तेव्हा पहिली अडचण नव्हती. "गाव?"

"केशोरी."

"शेती?"

"चार एकर. धान."

"बोलता लय?"

"नाही जी."

"आवाज बंद हाय, का खरंच कमी बोलता?"

ओमेश्वरनं तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलावरचा फोन हळूच बोलला. टिंग. नेट केव्हाच बंद होतं. तुटायला आता काही नव्हतं.

कुंजीलालनी स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही. काठी कोपऱ्यात टेकवली, टोपी सारखी केली आणि मिलकडे निघाले. दारातून मागं न वळताच म्हणाले,

"उचला. तुमच्यासाठी असन."